गोळ्या त्याच्या, पाकिटं माझी

सिरसाळ्यात मी गेली सव्वीस वर्षं दवाखाना चालवतो. आईच्या नावाचा आहे, मनकर्णा क्लिनिक. पाटी निळी आणि गोळ्या घालून द्यायची पाकिटंही निळी. पाकिटावर माझं नाव, पदवी, वेळ आणि सगळ्यात खाली ‘रविवारी बंद’. रविवार मी पाळत नाही. पण परळीच्या छापखान्यानं पहिल्या खेपेला जे छापलं ते छापलं, पुढे कुणी खोडलं नाही. पाकिटाचं एवढं पुराण लावतोय, कारण त्या निळ्या कागदाच्या जोरावर मी माझ्या वाट्याचं नसलेलं बरंच काही पदरात पाडून घेतलं आहे. ताकाच्या कळशा, हुरड्याची आवतनं, आणि ‘डाक्टर, तुमच्या हाताला गुण हाय’ हे तर किती वेळा ऐकलं त्याला गणतीच नाही. त्यातला बराचसा गुण शहादेवच्या हाताचा होता.

शहादेव सरकारी क्षयरोग विभागातला माणूस, तोही कंत्राटी. पंधरा वर्षं झाली, दरवर्षी त्याचा हुकूम नव्यानं निघतो आणि दरवर्षी तो निघेपर्यंत हा माणूस जीव मुठीत धरून असतो, पण फेऱ्या चुकवत नाही. गावात त्याला शहादेव म्हणणारे थोडे, ‘टीबीवाला’ म्हणणारे फार. अंगानं किरकोळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि मोटारसायकलच्या मागं थुंकीचे नमुने न्यायची पांढरी पेटी बांधलेली. ती पेटी सगळ्यांच्या इतकी ओळखीची, की ती ज्या दारात थांबेल त्या घरी महिनाभर कुणी पाणी प्यायचं नाही. शहादेवला हे माहीत होतं. म्हणून तो गाडी बसस्टँडवर उभी करून गल्लीत पायी जायचा. तरी लोक ओळखायचेच.

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच. खाजगी डॉक्टरांनी टीबीचे पेशंट सरकारला कळवायचे, असा नियम निघाला होता. शहादेव त्याचा कागद घेऊन आला.

“डाक्टरसाहेब, नावं तेवढी सांगा. औषध सरकार फुकट देतं. पेशंट तुमचाच ऱ्हाईल.”

“माझे पेशंट नेऊन सरकारच्या दावणीला बांधू का?” मी म्हणालो. “चहा घ्यायचा तर घे आणि नीघ.”

त्यानं चहा घेतला. कप धुऊन ठेवला आणि म्हणाला, “चहा चांगला हाय. पुन्ना येतो.” आणि खरंच आला. दर महिन्याला आला, तीन वर्षं आला. दर वेळी मी नाही म्हणायचो आणि दर वेळी तो चहाची तारीफ करायचा.

मी नाही का म्हणत होतो, हे आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सरकारी दाराची पायरी चढलेला पेशंट माझ्याकडे परत यायचा नाही, ही भीती. आणि दुसरा माझा तोरा. सरकारी दवाखान्यापेक्षा मी केव्हाही बरा, अशी माझी पक्की समजूत होती.

तो तोरा सटवानं उतरवला. सटवाचं बसस्टँडवर हॉटेल होतं आणि तो माझा दवाखाना उघडल्यापासूनचा दोस्त. त्याला टीबी निघाला. मी औषध सुरू केलं. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं, आणि त्यानं गोळ्या सोडल्या. मला वाटलं, दिसत नाही म्हणजे बरा आहे. खाजगी डॉक्टर खुर्चीत बसतो. पेशंट आला नाही तर त्याच्या मागं फिरणं हे त्याचं काम नसतं, असं मला वाटायचं. वर्षानं सटवा आला तेव्हा कुठल्याच गोळीला दाद देईना. तो गेला. शहादेव मातीला आला होता. कोपऱ्यात उभा राहिला, एका शब्दानं काही बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावलं आणि अकरा नावांची यादी हातात ठेवली. त्यानं ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, “चहा सांगा.”

तेव्हापासून आमची वाटणी ठरली. तपासायचं मी. थुंकीची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत. गोळ्या सरकारच्या. आणि पेशंटनं गोळ्या खरंच पोटात घातल्या की उंबऱ्यावरून फेकल्या, हे बघत फिरायचं शहादेवनं. पण काही जण असे असायचे की शहादेवची गाडी दिसली तरी ते दार लावून घ्यायचे. उपवर पोरी, नव्या सुना, निवडणुकीला उभा राहिलेला एक गडी. त्यांच्यासाठी तोड शहादेवनंच काढली.

“गोळ्या मी तुमच्याकडं आणून देतो. तुमी तुमच्या पाकिटात घाला. कुणाला काय कळतंय?”

“म्हणजे औषध सरकारचं, पळापळ तुझी आणि नाव माझं?”

“नावानं कुठं टीबी बरा होतो, डाक्टर?”

एकदा बीडला मोठी बैठक होती. सरकारी आणि खाजगी आरोग्यसेवेनं हातात हात घालून कसं चालावं, यावर तीन तास भाषणं झाली. पडद्यावर बाण होते, चौकोन होते, एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जाणारे अजून बाण होते. मी पुढच्या रांगेत, शहादेव शेवटच्या. जेवणाच्या वेळी मी त्याला विचारलं, “यातला आपला बाण कुठला रे?” तो म्हणाला, “आपलं पाकीट हाय की.” देशाचं काय ते देशाला ठाऊक, सिरसाळ्यात सरकार आणि खाजगी यांचं जमलं ते त्या निळ्या पाकिटात.

हा माणूस आपलं श्रेय असं सहज का सोडून देतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. ते त्याच्या आईकडून कळलं. त्याचा बाप बाळू परळीच्या थर्मल वीजकेंद्रावर राखेच्या कामाला होता. आई पारूबाई. शहादेव नऊ वर्षांचा असताना तिला टीबी झाला. चुलत्यांनी तिचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, अंथरूण गोठ्यात टाकलं. आधीच या माणसांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या वरून पाणी वाढलेलं. त्यात आपल्याच घरात, आपल्याच माणसांनी ताट वेगळं केलं. शहादेव शाळेतून यायचा, गोठ्यात शिरायचा आणि आईच्या ताटात जेवायला बसायचा. त्यापायी मार खायचा. पारूबाई औषधानं ठणठणीत झाली. आज ऐंशीला टेकली आहे आणि मी घरी गेलो की माझ्या वजनावरून मला बोलते. ती म्हणाली, “मला टीबीनं काय मारलं नसतं, डाक्टर. त्या ताटानं मारलं असतं.”

आता योगिताची हकीकत. गेल्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी तिची आई अंजना तिला घेऊन आली. वैशाखात लग्न झालेलं. सासरा धुळाजी, सासू दगडाबाई, नवरा सोमेश्वर. सिरसाळ्यापासून चार कोसांवरचं गाव, घरी सव्वाशे मेंढरं. पोरीला दीड महिन्याचा खोकला, संध्याकाळचा ताप, आणि मनगट इतकं बारीक की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. थुंकी तपासली. टीबी निघाला.

अंजनानं माझे पायच धरले. “सासरी कळलं तर माघारी धाडतेल, डाक्टर. नवं लगीन हाय. म्हणतेल, आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधली.”

मी तिला शब्द दिला. कुणाला कळणार नाही. या ताकदीच्या गोळ्या आहेत, असं सासरी सांगायचं. लघवी लाल होईल, तर तो ताकदीचा रंग म्हणायचं. मला माझीच हुशारी फार आवडली.

शहादेव मात्र मान खाली घालून बसला होता. “घरातल्यायची तपासणी ऱ्हाती, डाक्टर. एकाला निघाला की सगळ्यायची थुंकी बघावं लागती. गुपित ठिवलं तर ते कसं करावं?”

“आधी पोरगी त्या घरात टिकू दे,” मी म्हणालो. “ताट वेगळं झालं म्हणजे?”

त्याच्या दुखऱ्या जागेवर मी नेमकं बोट ठेवलं होतं, आणि जाणून ठेवलं होतं. तो गप्प बसला. पुढं जे झालं त्यात त्याची चूक असलीच तर ती एवढीच, बाकीची माझी.

दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन बाहेर पडतात. सोनपेठच्या बाजूला, गोदावरीकाठच्या शिवारांत उतरतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवतात, लेंडीखत मिळतं म्हणून, आणि बदल्यात धान्य देतात. तीन दिवस या रानात, चार दिवस त्या रानात. टीबीचं औषध सहा महिन्यांचं आणि यांची फिरतीही जवळपास तेवढीच. सोमेश्वर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर सिरसाळ्याला यायचा, मीठ-मिरची, तेल घ्यायचा आणि माझ्याकडून निळी पाकिटं न्यायचा. त्या दिवशी शहादेव बाकावर मफलर गुंडाळून पेशंट होऊन बसायचा आणि सोमेश्वर काय बोलतो ते कान देऊन ऐकायचा. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. योगिताचा खोकला गेला, वजन चार किलोनं वाढलं. सोमेश्वरनं मला ताकाची कळशी आणून दिली. मी ती घेतली. शहादेव बाकावरून बघत होता, त्याला मी एक पेलाभर दिलं.

चौथ्या महिन्यात सोमेश्वर आला तो हसतच.

“डाक्टर, या खेपंला दुप्पट पाकिटं द्या. पुरत न्हाईत.”

“कावून पुरत न्हाईत?” पंचवीस वर्षांत माझीही भाषा इथलीच झाली आहे.

“आवं, लई गुणाच्या गोळ्या हायत तुमच्या. तीन हप्ते झाले, आईनं बघितलं, सुनंला ताकद आली. म्हनली, एकटीनंच कावून खावं? बाबाला दोन साल झाले बिडीचा खोकला हाय, त्यायला एक देती. अन आमची काळी मेंढी, चाराच खाईना. तिला अर्धी भाकरीत घालून चारली. डाक्टर, मेंढी उठली! ऱ्हायलेली अर्धी मग कुण्या कोकराला.”

मला हसू फुटलं. पुरतं बाहेर यायच्या आतच हिशोब लागला. रोजच्या तीन गोळ्या. एक योगिताला, एक सासऱ्याला, एक कळपाला. गेले तीन आठवडे पोरगी एका गोळीवर होती. असं अर्धवट औषध पोटात गेलं की आजार मरत नाही, निबर होतो. सटवाचा झाला होता तसा.

शहादेव आपण पेशंट आहोत हे विसरला. मफलर सोडून ताडकन उभा राहिला. “बाबाचा खोकला कमी झाला?”

“कमी म्हंजे? रातचं झोपतंय आता म्हातारं. पर तुमी कोण ओ?”

“हे माझे… पाहुणे,” मी म्हणालो आणि सोमेश्वरला चहाला पिटाळलं.

दार लोटून शहादेव म्हणाला, “बिडीचा खोकला ह्या गोळ्यायनं कमी होत न्हाई, डाक्टर. म्हाताऱ्याला टीबी हाय. दोन साल झाले. पोरीला त्याच्याकडूनच आला असंल.”

मी खुर्चीत बसलो तो बसलोच. पोरगी माहेराहून आजार घेऊन आली, असं तिची आई समजत होती, ती स्वतः समजत होती, आणि एवढं शिकलेला मीसुद्धा समजत होतो. आणि इकडे ज्या घरापासून आम्ही तिचं आजारपण लपवत होतो, त्याच घरातून तिला तो मिळाला होता.

“आत्ताच सोमेश्वरला सांगून टाकतो,” मी उठलो.

शहादेवनं माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “न्हाई. आधी तिला विचारायचं. गुपित तिचं हाय, तुमचं न्हाई अन मपलं बी न्हाई.”

मग जायचं कसं? कारण मीच काढलं. सोमेश्वरला म्हणालो, “तुझी ती मेंढी मला बघायची आहे.” डॉक्टर स्वतः होऊन मेंढी बघायला येतोय म्हटल्यावर त्याला काय करू न काय नको झालं. तो पुढं, मागं शहादेवच्या गाडीवर मी. पांढरी पेटी आम्ही पोत्यात गुंडाळली होती.

हरभरा काढलेल्या रानात त्यांचा वाडा होता. वाडा म्हणजे चार काठ्यांची जाळी, आत मेंढरं, बाजूला तीन दगडांची चूल आणि घोड्यावरचं सामान उतरवून ठेवलेलं. दुपारची वेळ. काळी मेंढी खरोखरच उभी होती आणि तूर खात होती. मी तिचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, आणि मला काहीएक कळत नसताना “छान आहे” म्हणालो. धुळाजी घोंगडीवर बसून माझी परीक्षा बघत होता. दगडाबाई चुलीपाशी. तेवढ्यात शहादेव पाणी प्यायच्या निमित्तानं बोअरकडे गेला, तिथं योगिता भांडी घासत होती. मीही मागोमाग गेलो.

शहादेवनं तिला सगळं सांगितलं, काही न चोरता. गोळ्या कमी पडल्यानं काय होऊ शकतं तेही, आणि सासऱ्याचं तेही. शेवटी म्हणाला, “ताई, तू न्हाई म्हनलीस तर आमी तोंड उघडणार न्हाई. दुसरं कायतरी काढू.”

योगितानं पातेलं खाली ठेवलं. “मला दिसत व्हतं ओ गोळ्या चाललेल्या,” ती म्हणाली. “पर कसं म्हनावं, मामांजीला देऊ नका? कावून म्हनून इचारलं तर काय सांगू?” मग तिनं राख झटकली, पदर खोचला. “मीच सांगते. तुमी फकस्त हुबं ऱ्हा.”

आम्ही उभे राहिलो. वीस वर्षांची पोर सासूसमोर गेली आणि म्हणाली, “आत्याबाई, त्या ताकदीच्या गोळ्या न्हाईत. मला टीबी हाय. दसऱ्यापसून. मी लपिवलं.”

धुळाजीची बिडी बोटांत विझली. दगडाबाई चुलीपुढून उठली, आणि मला वाटलं, आता ही तिचं गाठोडं बांधायला घेणार. मी पुढं होऊन काहीतरी बोलायला लागलो, पण तिनं मला हातानं गप्प केलं.

“पोरी, तुझ्या गोळ्या मी मेंढीला चारल्या?”

योगितानं मान हलवली.

दगडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “आगं माय! मरतीस की तू! अन तोंड शिवलं व्हतं का तुझं?”

“तुमी माघारी धाडतान म्हनून…”

“धाडतान?” तिचा आवाज असा चढला की मेंढरांनी माना वर केल्या. “कळपात एखादीला खोकला लागला तर आमी तिला हाकलून देतो का? तिला धरतो, औसद पाजतो, अन बाकीच्यायला बी बघतो, कुणाकुणाला लागलं. मेंढीचं एवढं करतो, सुनंचं करणार न्हाई?” मग ती माझ्याकडे वळली. “अन तुमी ओ, डाक्टर? एवढे शिकले. घरच्यायला सांगाया तोंड नव्हतं? कुणी सांगितलं तुमाला, आमी असले हाव म्हनून?”

कुणीच सांगितलं नव्हतं. मीच मनाशी धरून बसलो होतो. मी तिची माफी मागितली. तिथं, रानात, हात जोडून. आयुष्यात पेशंटच्या नातेवाइकाची मागितलेली ती माझी पहिली माफी.

शहादेवनं पोत्यातून पेटी काढली. “मावशी, तुमी म्हनला तसंच करायचं हाय. बाकीच्यायला बी बघायचं. पयले बाबा.”

धुळाजीला टीबी निघाला. दगडाबाईला आणि सोमेश्वरला नाही. योगिताची थुंकी पुन्हा तपासायला पाठवली. तिचा आजार निबर झाला की काय, हे कळेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझी बायको सांगेल. शहादेवचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. “डाक्टर, औषधाला भितोय अजून. निबर न्हाई झाला.” मी ताटावरून उठलो आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बराच वेळ उभा राहिलो. देवाचे आभार मानले, पण डोळ्यांपुढं सारखी येत होती ती मोटारसायकल आणि पांढरी पेटी.

त्या दिवसापासून मी शहादेवला ‘अहो’ म्हणायला लागलो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तो घाबरला. “काय झालं ओ? मपला बी रिपोर्ट आलाय का काय?”

पुढचं सगळं दगडाबाईनं हातात घेतलं. रोज सकाळी सून आणि नवरा दोघांना समोर बसवायची, गोळ्या मोजून द्यायची आणि गिळल्यावर “आ कर” म्हणून जबडा धरून बघायची, मेंढरांना औषध पाजल्यावर बघतात तसं. शहादेव म्हणाला, आमच्या खात्यात अशी एक सुपरवायझर असती तर जिल्ह्यातला टीबी पळून गेला असता. योगिताच्या बुडालेल्या आठवड्यांची भरपाई म्हणून औषध लांबवलं. शहादेव दर महिन्याला वाड्यावर जायचा. आता पेटी पोत्यात नसायची. दगडाबाई दुसऱ्या वाड्यांवर स्वतःच सांगत सुटली, माझ्या माणसाला टीबी हाय, तुमच्यात कोण खोकतंय? त्या हंगामात त्या रानांतून आणखी दोघं सापडले. आणि पाकिटं तरी तिनं माझीच चालू ठेवली. म्हणाली, घडी चांगली बसते, गोळ्या सांडत नाहीत.

पोळ्यानंतरच्या रविवारी सगळं घर माझ्या दवाखान्यात आलं. योगिताचं औषध आषाढातच संपलं होतं, धुळाजीचं त्या आठवड्यात. दोघांचेही रिपोर्ट स्वच्छ. योगिताच्या बांगड्या आता मनगटावरच राहत होत्या. दगडाबाईच्या काखेत एक नवी घोंगडी होती. काळी, पांढऱ्या काठाची, घरच्या लोकरीची. ती बघून माझा चेहरा आपोआप तयार झाला. सव्वीस वर्षांची सवय. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि ‘अहो कशाला, कशाला’ हे ओठांवर आणलं.

“टीबीवाला दादा कुठं हाय?” तिनं विचारलं.

मी पुन्हा खाली बसलो. फोन केला. शहादेव दहा मिनिटांत आला. दगडाबाईनं घोंगडी उलगडली, त्याच्या खांद्यावर टाकली, आणि मग पिशवीतून एक चळत काढून माझ्यापुढं ठेवली. माझी निळी पाकिटं. एकही न चुरगळता, सुतळीनं बांधलेली.

“ही तुमची. पुन्ना कामाला येतेल. गोळ्या त्यायच्या, पाकिटं तुमची. ज्याचं त्याला.”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतक्या वर्षांत इतका बरोबर हिशोब माझा कुणी केला नव्हता.

तिनं शिदोरी आणली होती. बाकं बाजूला सारून तिनं जमिनीवर एक मोठी परात मांडली, त्यात भाकरी चुरल्या, वरून दूध ओतलं, गूळ कुस्करला. ताट एकच. धुळाजी बसला, सोमेश्वर बसला, योगिता बसली. शहादेव घोंगडी सावरत उभाच होता.

“बस की, दादा,” दगडाबाई म्हणाली. “का वेगळं वाढू?”

तिनं ते सहज विचारलं होतं. तिला पारूबाईचा गोठा कुठून माहीत असणार? शहादेव खाली बसला. योगितानं परातीतला आपल्या बाजूचा घास त्याच्याकडे सारला. त्यानं तो हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. धुळाजी म्हणाला, “आरं खा, निवल ते,” तेव्हा कुठे त्यानं तोंडात घातला.

मी दारात उभा होतो. बाहेर पाचसहा पेशंट बसले होते. सोमेश्वरनं चळतीतलं एक पाकीट उचललं, खालची ओळ बोट ठेवून वाचली आणि हसला. “डाक्टर, रविवारी बंद लिव्हलंय. अन आज रविवार हाय. या की.”

मी बाहेर जाऊन पेशंटना म्हणालो, अर्ध्या तासानं या. दार लोटलं, चप्पल काढली आणि शहादेवच्या शेजारी त्याच परातीला बसलो. सव्वीस वर्षांत त्या पाकिटावरचं छापलेलं पहिल्यांदाच खरं झालं.